मधुसूदनराव पिशोरकरांचं विसरणारं मशीन

सही करायच्या आधी मधुसूदनराव पिशोरकर पेन हवेत धरून क्षणभर थांबायचे. वाळूजच्या कंपनीत ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. तीस वर्षं त्यांचं काम एकच, मोजणाऱ्या साधनांना मोजायचं. ब्रेकचे भाग ज्या गेजवर तपासले जातात, ते गेज तरी बरोबर आहे का, हे बघायचं. आकडा वहीत उतरवायचा, गेजवर तारखेची पट्टी चिकटवायची आणि सही करायची. त्या एका सहीच्या भरवशावर पुढं हजारो भाग गाड्यांना लागायचे.

एकदा एका माणसानं न मोजताच आकडे भरलेले त्यांनी पकडले. त्याच्यासाठी रदबदली करायला चार जण घरी आले, चहा पिऊन गेले. मधुसूदनरावांनी साहेबांना जे सांगायचं ते सांगितलंच. माणूस कामावरून गेला. "चुकीचं मोजलं तर परत मोजता येतं," ते म्हणाले होते. "न मोजता लिहिलं, त्याचं काय करायचं?"

वडील पिशोरला कारकून, त्याच्या मागच्या पिढ्या भिक्षुकी करणाऱ्या. बजाजनगरातल्या दोन खोल्यांत मधुसूदनरावांनी संसार केला, मुलगी स्वरदा शिकून पुण्याला नोकरीला लागली. पत्नी कालिंदीबाई देवाधर्माच्या. नवऱ्याची नोकरी आणि आपला देव्हारा, दोन्ही वेळेवर चालतं याचं त्यांना समाधान होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात दाढी करताना मधुसूदनरावांचा उजवा हात खाली आला, तो वर जाईचना. वस्तरा मोरीत पडला. कालिंदीबाईंनी शेजारच्यांची रिक्षा काढायला लावली म्हणून वेळेत दवाखाना गाठला गेला. पाय आठ दिवसांत उचलू लागले, जिभेचा जडपणा महिन्यात गेला, हात मात्र हळूहळू. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "थोडं विसरायला होईल. दिवस मावळताना, थकवा आला की जास्त. किती, ते आज सांगता येत नाही."

कंपनीनं मेअखेरपर्यंत रजा दिली. जूनच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. हात थरथरला तरी चाललं असतं, उचलाठेवीला हाताखाली माणसं होती. प्रश्न डोक्याचा होता. आपण एखादं गेज मोजायचं विसरलो आणि मोजलं असं समजून सही केली, तर? "डोकं शाबूत आहे अशी माझी मला खात्री पटल्याशिवाय मी त्या टेबलावर बसणार नाही," त्यांनी कालिंदीबाईंना सांगून टाकलं.

हाताला व्यायाम म्हणून बटणं दाबत राहा, असं व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं होतं. स्वरदानं पुण्याहून एक डबी पाठवली. काड्यापेटीहून जरा मोठी, आत एकाच पाटीवर अख्खा संगणक. टीव्हीला जोडली की तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम जसेच्या तसे चालायचे. तिनं विचार करून पाठवली होती. कंपनीत लागायच्या आधी मधुसूदनराव मुकुंदवाडीला स्टेशनजवळच्या दुकानात असलीच यंत्रं दुरुस्त करत. खेळाच्या कॅसेटमध्ये चपटा गोल सेल असायचा. खेळ कुठवर आला ते त्या सेलच्या जोरावर कॅसेट लक्षात ठेवायची. सेल संपला की सगळं विसरायची. असे शेकडो सेल त्यांनी बदलले होते.

डबी आली आणि मधुसूदनरावांच्या अंगात जरा जीव आला, कारण डबी धड चालेना. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह येई आणि आवाज खरखरे.

"बाबा, चार्जर कमजोर असेल," स्वरदा फोनवर म्हणाली.

"कळलं ते. पाचाच्या ठिकाणी साडेचार व्होल्ट देतोय."

"तुम्ही मीटर लावलंत?"

"मग काय जीभ लावून बघू?"

ती किती दिवसांनी हसली. कालिंदीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आजाऱ्याचं घर आहे का रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तेच कळेना झालंय."

पैठण गेटवरून कारभारीनं दमदार चार्जर आणून दिला. कारभारी त्यांच्या हाताखालचा, गंगापूरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, आता स्वतः चाळिशीचा. पिवळं चिन्ह गेलं. मग डबी तापून थांबायला लागली, तिला ॲल्युमिनियमची पट्टी बसवली. उडी मारायचं बटण दाबलं की माणूस खाली बसायचा, ते बटणांच्या यादीत जाऊन सरळ केलं. मधुसूदनरावांची रीत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, लिहायचं. जे तपासून चांगलं निघालं ते बाजूला काढायचं. शेवटी जे उरतं, दोष त्यात.

एप्रिलच्या दहा तारखेपासून त्यांनी खरी परीक्षा सुरू केली. भुयारातून वाट काढत जायचा एक खेळ निवडला. रोज दुपारी बसायचं, आदल्या दिवशीच्या जागेपासून पुढं जायचं, वळणं लक्षात ठेवायची. संध्याकाळी सहाला खेळातल्या खेळात 'जतन करा' दाबायचं, वहीत नोंद करायची, रिमोटनं टीव्ही बंद करून काठी घेऊन फिरायला निघायचं. डबी चालूच राहायची. तिला लागते ती मुंगीएवढी वीज. सव्वासातला परत आलं की जेवण, औषध, झोप.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही लावला. समोर खेळांची यादी. खेळ उघडला, तर भुयाराचं तोंड, अगदी पहिली पायरी. वहीत मात्र त्यांच्याच अक्षरात होतं, 'सहा वाजता जतन केलं, तिसरा दरवाजा.'

खेळ आपण कधी बंद केला? आठवत नव्हतं. यादी दिसतेय म्हणजे केला असणार.

पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्यांनी आधी मशीनवर संशय घेतला. डबीत खेळ साठवणारं नखाएवढं कार्ड बनावट असेल म्हणून दुसरं आणवलं. सकाळी बसून वीस वेळा तपासलं. खेळ जतन करायचा, खेळातून बाहेर यायचं, डबी बंद करायची, परत लावायची. वीसपैकी वीस वेळा खेळ जागच्या जागी.

"काल संध्याकाळी लाईट गेली होती का गं?" त्यांनी विचारलं.

"कुठं गेली? दिवसभर होती की," कालिंदीबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

चार्जर चांगला. कार्ड चांगलं. डबी थंड. वीज होती. सकाळी यंत्र सगळं लक्षात ठेवतं आणि संध्याकाळी विसरतं. यंत्राला सकाळ-संध्याकाळ कुठून कळणार? ती माणसाला कळते. दिवस मावळताना, थकवा आला की जास्त, असं डॉक्टर म्हणालेच होते.

मधुसूदनराव मग वहीकडे बघायला लागले आणि घाबरले. विसरणं एक वेळ परवडलं असतं. पण वहीत स्वच्छ अक्षरात, वेळेसकट लिहिलेलं होतं की जतन केलं. म्हणजे न केलेली गोष्ट केली म्हणून ते रोज लिहीत होते. एका माणसाला त्यांनी नेमकं यासाठीच घरी बसवलं होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सहा वाजता बटण दाबताना मोठ्यानं म्हणायला लागले, "दाबलं." दोनदा दाबायचे, नोंदीखाली दोन रेघा मारायचे. दुसऱ्या दिवशी पहिली पायरी. भाजीत मीठ कमी लागलं तरी ते विचारायचे, "मी काल घातलं होतं का?" कालिंदीबाई म्हणायच्या, "तुम्ही कधी मीठ घातलंय जन्मात?" यावर ते हसत नसत. औषधाच्या गोळ्या मोजून ठेवायचे आणि मोजल्या का, हे परत मोजायचे.

एक्केचाळीस नोंदी झाल्या. एकवीस मेला त्यांनी राजीनामा लिहिला. माझी स्मरणशक्ती या कामास विश्वासार्ह राहिलेली नाही, असं सरळ लिहिलं. पत्र न्यायला कारभारी आला.

"भाऊ, लई घाई करताय. इसरत कोण नाय? आपले मोठे साहेब चष्मा डोक्यावर ठिवून चष्मा हुडकतेत, त्यांना कुणी घरी बसवलं?"

"साहेबाच्या चष्म्यावर गाडीचा ब्रेक लागत नाही, कारभारी."

"मी हाये ना बाजूला. मी बघतो, तुमी नुस्ती सही करा."

"तेच तर नको."

कारभारीनं कालिंदीबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "देवानं माणूस ठेवला, नोकरीचं काय एवढं." त्यांना ते मनापासून वाटत होतं. पत्र गेलं.

त्यानंतर मधुसूदनरावांनी फिरणं सोडलं. गल्लीत जो तो विचारायचा, कधीपासून कामावर. ते खुर्चीत बसून राहत. डबी सुरू करायचे, भुयारात चार पावलं जायचे, सवयीनं जतन करायचे आणि टीव्ही घालवून अंधाऱ्या पडद्याकडं बघत बसायचे. सात-आठ दिवस कालिंदीबाई तिन्हीसांजेला दिवा लावायला यायच्या तेव्हा ते आतल्या खोलीत पडलेले असत. एकोणतीस तारखेला ते बाहेरच बसले होते.

देव्हारा टीव्हीच्या शेजारीच. कालिंदीबाईंनी हातपाय धुतले, समईत तेल घातलं, वात सारखी केली. मग काडी ओढायच्या आधी, बघायचीही गरज नसल्यासारखा, त्यांचा डावा हात भिंतीवरच्या विजेच्या बटणांकडं गेला आणि डबीचं बटण बंद केलं. डबीवरचा लाल ठिपका विझला.

मधुसूदनरावांनी दिवा लागू दिला, शुभंकरोती होऊ दिली, स्तोत्र पुरं होऊ दिलं. कालिंदीबाईंनी नमस्कार केला आणि बटण परत लावलं. ठिपका पेटला, डबी आपली आपण सुरू झाली.

"हे रोज करतेस?"

"काय?"

"बटण."

"रोजच. सासूबाई दिवा लावताना टीव्हीचं बटण बंद करायच्या, तेव्हापासूनचं. देवापुढं तो लाल डोळा नको वाटतो. तुमचं काही अडत नाही ना? ते आपोआप लागतं की परत."

"हो," ते म्हणाले. "आपोआप लागतं."

त्यांनी स्वरदाला फोन लावला. खेळ जतन केला आणि खेळ उघडाच असताना वीज गेली तर काय होतं, एवढंच विचारलं.

"जाईल मग सगळं," ती म्हणाली. "त्याला जुन्या कॅसेटसारखा सेल नसतो ना, बाबा. तुम्ही जतन केलेलं ते नुसतं डोक्यात धरून ठेवतं. खेळातून बाहेर आलात की मगच कार्डावर उतरवतं. का? काय झालं?"

सकाळच्या वीसही वेळा ते खेळातून बाहेर आले होते. संध्याकाळी एकदाही नाही.

त्यांनी वही काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत सगळी पानं वाचली. एकही नोंद खोटी नव्हती. मग कालिंदीबाईंना समोर बसवून, न चिडता, काय झालं ते सांगितलं. ऐकताना त्या उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या.

"म्हणजे माझ्यामुळं तुम्ही नोकरी सोडलीत."

"तसं नाही."

"तसंच आहे. तुम्ही बरे व्हावे म्हणून मी त्याच वेळी स्तोत्राची दोन आवर्तनं जास्त करत होते. त्याच वेळी." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग एकदम फोन उचलून कारभारीला लावला आणि जसं जमेल तसं त्याला सांगितलं.

कारभारीचा आवाज खोलीभर आला. "व्हय? मंग काय तर, वहिनी. पत्र अजून साहेबाच्या खणातच हाये. शनिवारपत्तुर वर जायचं नाय. भाऊंना द्या फोन."

मधुसूदनरावांनी फोन घेतला नाही. कालिंदीबाईंनी तो दोघांच्या मध्ये चौरंगावर ठेवला.

"अहो, बोला ना. डोकं शाबूत आहे तुमचं. वहीच सांगतेय."

"वही खरी निघाली," ते म्हणाले. "पण बघ, दीड महिना मी चार्जर बघितला, कार्ड बघितलं, डबी बघितली. तू लाईट गेली नाही म्हणालीस आणि मी तिथंच थांबलो. वीज भिंतीपासून येते, तर भिंतीपर्यंत कोण जातं, कुणाचा हात लागतो, हे मी विचारलं नाही. पूर्वीच्या मधुसूदननं पहिल्या दिवशी विचारलं असतं. कंपनीत एखाद्या पोराकडून एवढं सुटलं असतं तर मी त्याला मोजणीला बसू दिलं नसतं."

"आजारी होतात तुम्ही."

"तेच म्हणतोय मी."

"ते बटण माझं होतं."

"बटण तुझं होतं. बघायचं काम माझं होतं."

चौरंगावरून कारभारी म्हणाला, "भाऊ, आयकतोय मी सगळं. चूक गावली ना? मंग झालं की."

"मला गावली नाही, कारभारी. माझ्यासमोर घडली म्हणून दिसली."

मग कारभारीनं हलक्या आवाजात विचारलं, "तर मंग पत्राचं काय करू?"

मधुसूदनरावांनी वही मिटून फोनशेजारी ठेवली.

"राहू दे खणात. शनिवारी जाईल ते."

"कारण तेच ठिवायचं? स्मरणशक्ती म्हणून लिवलंय त्याच्यात."

"नाही, ते खोडायला लागेल," मधुसूदनराव म्हणाले. "स्मरणशक्ती चांगली आहे. उद्या ते पत्र परत इकडं घेऊन ये. दुसरं लिहून देतो."

कालिंदीबाई उठल्या, आत गेल्या. स्वयंपाकघरात भांडं हातातून सुटल्याचा आवाज आला. मधुसूदनरावांनी वहीचं कोरं पान उघडलं आणि काय लिहायचं ते सुचेना म्हणून आधी तारीख घातली.