एचडीत दिसलेली टोपी

भुसावळात आपल्याला विचारल्याशिवाय कोणी टीव्ही घेत नाही, असं झुलालभाऊ सांगतात. म्हणजे फक्त झुलालभाऊच सांगतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लांबचं स्वच्छ दिसलं पाहिजे, हा त्या खात्याचा नियम. निवृत्त होताना शाल-श्रीफळासोबत तो नियमही ते घरी घेऊन आले आणि बैठकीच्या खोलीत लागू केला.

कॉलनीत पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. पहिला व्हीसीआर त्यांचा. सीडी आली तेव्हा त्यांनी कॅसेटवाल्यांची कीव केली, आणि डीव्हीडी आली तेव्हा सीडीवाल्यांची. प्रत्येक वेळी जुनं यंत्र माळ्यावर गेलं आणि झुलालभाऊ म्हणाले, "आता याच्यापुढे काही निघणं शक्य नाही." त्यांच्या पत्नी कौतिकबाई यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडताच त्या माळ्यावरची जागा मोकळी करायला घेत.

मग एचडीचं खूळ आलं. आता आहे ते सोडून एचडीत जावं का, यावर झुलालभाऊंनी महिनाभर चहाच्या टपरीवर चर्चासत्र चालवलं. दुकानदार म्हणाला, एकदा एचडी पाहिलं की साधं पाहवत नाही. हा फायदा की शाप, हे त्याने सांगितलं नाही. शेजारचे सुकदेव गुरुजी म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाहता काय? बातम्या. त्या आधीच इतक्या वाईट, स्पष्ट पाहून काय मिळवणार?" झुलालभाऊ हसले. त्यांना काय पाहायचं होतं ते त्यांनी टपरीवर सांगितलं नव्हतं. त्यांना एक टोपी पाहायची होती.

या टोपीची हकिगत सांगायला हवी, कारण तिच्यापायी एक बहीण वीस-पंचवीस वर्षं माहेरी आलेली नाही.

झुलालभाऊंची थोरली बहीण धुरपदाबाई, घरात सगळे तिला अक्का म्हणतात. दिली धुळ्याला, देवपुरात. तिचे यजमान नवलदाजी शाळामास्तर, म्हणजे मानापमानाच्या बाबतीत कधीही गैरहजर न राहणारे. झुलालभाऊंचा धाकटा भाऊ मगन, त्याच्या लग्नात मंडपात पाहुण्यांचा सत्कार चालला होता. आमच्याकडे लग्नात माइकवरून नाव पुकारून पाहुण्याला टोपी-टॉवेल देतात. ती टोपी पाहुणा दुसऱ्या दिवशी डोक्यावर ठेवत नाही आणि तो टॉवेल अंग पुसायच्या लायकीचा नसतो, पण नाव पुकारलं गेलं नाही तर मात्र नातं तुटतं. नवलदाजींचं म्हणणं, माझं नाव पुकारलं, मी पुढे गेलो, टॉवेल मिळाला, टोपी नाही. थोरल्या जावयाला नुसता टॉवेल! झुलालभाऊंचं म्हणणं, टोपी मी माझ्या हाताने ठेवली. जेवण न करता दाजी उठले आणि सांगून गेले, "या घरनी पायरी मी चढाव नई."

लग्नाची कॅसेट होती. तिच्यावरून एका दिवसात निकाल लागला असता. पण शूटिंगवाला नेमका त्या वेळी मंडपाच्या खांबामागे उभा राहिला होता. कॅसेटमध्ये दाजी दिसतात, झुलालभाऊंचा हात दिसतो, आणि दाजींच्या डोक्याच्या जागी एक पांढरा डाग दिसतो. झुलालभाऊ म्हणत, ती टोपी. दाजींकडून निरोप आला, ते माझं टक्कल, तुमच्या दिव्याच्या उजेडात चमकतंय. त्या डागापुढे दोन्ही घरांचा शहाणपणा संपला.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दरवर्षी येत राहिली. आखाजीला आमच्याकडे सासरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस होतो. पण सासरवाशीण आपण होऊन पिशवी उचलून येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. झुलालभाऊंनी मुराळी पाठवला नाही. पाठवणं म्हणजे टोपी दिली नव्हती हे कबूल करणं, असा त्यांचा हिशेब. पहिली दोन-तीन वर्षं आई म्हणत राहिली, "झुलाल, पोरीले लेवाले जाय." झुलालभाऊ म्हणत, "आधी दाजींनी टोपी मान्य करावी." आई गेली तेव्हा अक्का आली, अंगणात रडली आणि अंगणातूनच परत गेली. त्या दिवशीही झुलालभाऊंना वाटलं, हिला दाजींनी आत येऊ दिलं नाही. अक्काला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. वाईट एवढंच, की त्यांना बहिणीची आठवण खरोखर येत होती. आखाजीला रसाची वाटी पुढे आली की ते टीव्हीचा आवाज वाढवत.

तर एचडी. मगनच्या मुलाचं लग्न ठरायची वेळ आली तेव्हा झुलालभाऊंना कळलं, की जळगावला बुद्धभूषण नावाचा एक स्टुडिओवाला जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घालून नव्याकोऱ्या करून देतो. झुलालभाऊ कॅसेट छातीशी धरून जळगावला गेले.

बुद्धभूषणने कॅसेट पाहिली, बुरशी झटकली. "काका, साफ होईल. पण एक ध्यानात घ्या. टेपमध्ये जे दिसतच नाही, ते कॉम्प्युटर अंदाजाने भरतो."

"भरतो ना?"

"भरतो, पण..."

"मग भर." 'पण'नंतरचं ऐकायची सवय झुलालभाऊंना नव्हती. ती असती तर ही गोष्टच घडली नसती.

दोन आठवड्यांनी पेनड्राइव्ह आला. त्याच्यासाठी भला थोरला एचडी टीव्ही आला. त्या टीव्हीसाठी भिंतीवरून वडिलांची तसबीर, कॅलेंडर आणि कौतिकबाईंचं माहेरचं घड्याळ उतरलं. खोली लहान, टीव्ही मोठा. सोफ्यावर बसलं की एका वेळी अर्धाच माणूस दिसे, उरलेला पाहायला मान वळवावी लागे. झुलालभाऊंनी एकट्याने ते लग्न पाहिलं, आणि तो क्षण येताच उठून उभे राहिले. दाजींच्या डोक्यावर टोपी होती. पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची, कडेची शिवणसुद्धा मोजून घ्यावी.

"आता याच्यापुढे काही निघणं शक्य नाही," झुलालभाऊ म्हणाले.

मगनकरवी धुळ्याला निरोप गेला: पुरावा हाती आलाय, येऊन पाहून जा. दाजी असल्या आव्हानाला नाही म्हणणारे नव्हते. प्रश्न शपथेचा होता. पण पायरी न चढण्याची शपथ तेव्हाच्या रेल्वे क्वार्टरची होती आणि झुलालभाऊ आता स्वतःच्या घरात राहत होते. मास्तरांनी तेवढी पळवाट बरोबर शोधली. आखाजी आठवड्यावर आली असताना एका रविवारी दाजी आणि अक्का भुसावळला येऊन दाखल झाले.

बाहेर ऊन असं की कुत्रीसुद्धा गाडीखालून हलेनात. कूलर घरघरत होता. कौतिकबाईंनी पन्हं दिलं. अक्का दारापाशीच्या खुर्चीवर टेकली. झुलालभाऊंनी तिच्याकडे पाहून "बरी आहेस ना?" एवढं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत रिमोट उचलला.

लग्न सुरू झालं आणि काय स्वच्छ सुरू झालं! नवरदेवाच्या घोड्याला लांब पापण्या आल्या होत्या. मगनच्या कपाळावरचा घाम नाहीसा झाला होता. फैजपूरची मावशी पडद्यावर आली आणि हसली. तिच्या तोंडात वरचे आणि खालचे, सगळे दात होते.

"थांबाडा," दाजी म्हणाले.

झुलालभाऊंनी थांबवलं.

"हाई फैजपूरनी मावशी शे ना?"

"हो. मग?"

"तिना तोंडमा तव्हय एकबी दात नव्हता."

झुलालभाऊंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे सोडलं. मंडप आला. खांब आला. माइकवरून नाव पुकारलं गेलं. नवलदाजी पुढे आले, झुलालभाऊंचा हात वर गेला, आणि टोपी! झुलालभाऊंनी चित्र तिथेच गोठवलं आणि टीव्हीशेजारी जाऊन उभे राहिले, जणू टीव्हीसोबत तेही विकत आणले होते.

"बोला दाजी. आता बोला!"

दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग शांतपणे म्हणाले, "ज्यानी मावशीले बत्तीस दात दिधात, त्याले मले एक टोपी देवाले काय कठीण शे?"

कौतिकबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. झुलालभाऊंचा चेहरा उतरला. इतकं स्पष्ट चित्र मिळवलं, आणि ते इतकं चांगलं निघालं की कोणी त्याच्यावर विश्वास ठेवीना! त्यांनी मावशीची बाजू घेतली, कवळी असेल म्हणाले. दाजींनी कवळीचं साल विचारलं. दोघांचे आवाज चढले. झुलालभाऊ म्हणाले, शिवण पाहा. दाजी म्हणाले, शिवण तुना कॉम्प्युटरनी मारी. साठी ओलांडलेले दोन गृहस्थ पडद्यावर बोट आपटून टोपी आणि टक्कल यांवर भांडू लागले आणि नव्याकोऱ्या काचेवर बोटांचे ठसे उमटले.

"झुलाल," अक्का म्हणाली, "थोडं मांगे घे."

दोघांनीही पडद्यावरची बोटं काढली. आता साक्ष मिळणार असं प्रत्येकाला वाटलं. झुलालभाऊंनी मागे नेलं.

"इथी थांब."

खांबाच्या कडेला एक बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. नितळ गोरा चेहरा, चाळिशीही न ओलांडलेली वाटावी अशी.

"हे कोन व्हय?" अक्काने विचारलं.

झुलालभाऊंनी वाकून पाहिलं. लुगडं ओळखीचं होतं. "आई असेल की."

"आईच्या तोंडावर देवीचे वण व्हते, झुलाल. या गालावर, आन् इथी, कपायावर. लहानपनी मी बोटं लावू लावू पाहे." अक्का उठून टीव्हीजवळ आली. "कोनाची बाई उभी केली रे आईच्या जागी?"

दाजींनीसुद्धा मान खाली घातली. झुलालभाऊंनी बटणं दाबून चित्र पुढे-मागे केलं, पण त्या बाईच्या गालावर काही उमटलं नाही. महिनाभर टोपीची शिवण पाहणाऱ्या या माणसाला आपल्या आईचा चेहरा बदललेला दिसला नव्हता. त्यांना लाज वाटली. टीव्ही बंद करावा हे मात्र सुचलं नाही.

ऊन उतरल्यावर दोघं निघाली. रिक्षा दाराशी आली तेव्हा झुलालभाऊ धडपडत बाहेर आले. "अक्का, राहा ना आता. आखाजी आठवड्यावर आली. दाजींची इतक्या वर्षांची मनाई होती, ती आज उठली म्हण."

"तुह्या दाजीची कायची मनाई?" अक्का रिक्षात बसता बसता म्हणाली. "हे तं दर साली म्हनत, तुले जायाचं तं जाय. मीच दर आखाजीले वट्ट्यावर बसे. तिकून कोनी आलंच नाही."

"पण आज आलीस ना? मग राहा."

"आज मी माहेरी कुठी आली? मी तं पिच्चर पाहाले आली व्हती." रिक्षा सुरू झाली. "माहेरी न्यायाले मानूस यावं लागते, भाऊ."

झुलालभाऊ आत आले. कौतिकबाईंनी न विचारताच त्यांची पिशवी खुंटीवरून काढून समोर ठेवली. त्यांनी नवऱ्याला काही ऐकवलं नाही, आणि एवढ्या वर्षांत झुलालभाऊंना कधी एवढं लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने झुलालभाऊ धुळ्याला पोचले. देवपुरात घर शोधायला त्यांना दोघांना विचारावं लागलं, सख्ख्या बहिणीचं घर. अंगणातल्या खाटेवर एक तरणा मुलगा बसला होता, शेजारी सुनेची बांधलेली पिशवी. अक्काच्या सुनेला न्यायला तिचा भाऊ आला होता.

अक्का दारात आली. झुलालभाऊंनी बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "अक्का, लेवाले आलो," एवढंच म्हणाले.

अक्काने डोळ्यांना पदर लावला. मग त्यांच्या हाताला धरून तिने त्यांना आत नेलं, पाणी दिलं, आणि समोर बसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आलास, झुलाल, बरं केलं. पन आता मी कशी येऊ? सून माहेरी चालली. घरी तुह्या दाजीले पोया कोन करून घालीन?" ती हसली. "आता या घरातून दुसऱ्याच्या बहिनीचे जायाचे दिवस आले रे."

तिने त्यांना जेवू घातलं. दुपारी सुनेला तिचा भाऊ घेऊन गेला. अक्काने दोघांना ओट्यावरून हात केला, वळणाआड जाईपर्यंत. झुलालभाऊ तिच्या शेजारी उभे होते. संध्याकाळच्या बसने ते एकटेच भुसावळला परतले.