बुबुळ देणाऱ्याचं पान

उद्यमनगरातल्या प्लेटिंगच्या कारखान्यात कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून सुटे भाग काढताना माझ्या उजव्या डोळ्यात ते पाणी उडालं. वाफेनं काच धुरकटते म्हणून गॉगल मी कपाळावर चढवला होता. नळ हाताच्या अंतरावर होता, आणि आम्ही सगळे डोळ्यात घालायला दूध कुठं मिळतंय ते शोधत बसलो. बुबुळावर पांढरं फूल पडलं. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

डॉक्टर म्हणाले, "नेत्रदानातलं बुबुळ मिळालं, तर बसवू."

तेव्हापासून मी मरणाची वाट बघू लागलो. दुसऱ्याच्या. पेपरातल्या निधनवार्ता आशेनं वाचायचो. गल्लीतून तिरडी गेली की हात जोडायचो आणि मनात यायचं, यांनी डोळे दिले असतील का? हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यातून निरोप आला. ऑपरेशन झालं. बुबुळ कुणाचं, ते सांगत नसत. पट्टी निघाली, तरी कित्येक आठवडे सगळं दुधाळ काचेतून बघितल्यासारखं होतं.

सर्वपित्रीला बायकोनं घरच्या पितरांबरोबर एक पान जादा वाढलं. "ज्याची तिथी ठावं न्हाय, त्याचं आजच घालत्यात." सगळी पानं गच्चीवर ठेवली. घरच्या पानांना कावळे शिवले. या पानाला काही शिवेना. मेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचं कबूल केलं, की कावळा शिवतो म्हणतात. पण याची इच्छा कुणाला ठाऊक?

"पांढरा रस्सा कबूल कर, भावा!" शेजारी कठड्यावरून ओरडला. "कोल्हापूरचा असणार की त्यो! खिरीला कशाला यील?"

"गप बसा की, भावजी," बायको हसू दाबत म्हणाली. "अवो, तुम्हीच बोला कायतरी."

मी हात जोडले आणि दोघांच्या देखत तोंडातून निघून गेलं, "तुम्ही जायची मी वाट बघत होतो. माफ करा. तुमचं बुबुळ जपीन. माझ्यामागं माझा डावा डोळा कुणाला तरी देईन."

शेजाऱ्यानं कठड्यावरूनच हात जोडले. बायकोनं पाठीवर हात ठेवला. मी डावा डोळा तळहातानं झाकला. पाण्याच्या टाकीवर एक डाग हलला. मग त्याला चोच आली, मग राखाडी मान.

"आला!" मी ओरडलो.

"कुठाय?" दोघं आभाळात बघत होती.

"टाकीवर! मान वाकडी करून बघतोय की!"

कावळा उतरला आणि पानातला वडा उचलून उडाला. वड्याच्या मधलं भोकसुद्धा मला दिसलं.