व्हर्लिनची न जागलेली लायब्ररी

अमेरिकेतल्या डुलुथच्या बंदरात धान्य तोलणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम आमची छोटी कंपनी लिहायची. एका प्रोग्रामला अनेक कामं एकाच वेळी करता यावीत म्हणून लागणारी थ्रेडची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला जोडता येणारा तयार कोड, आमच्यातल्या व्हर्लिन टोस्ट्रडने लिहिलेली. कुणी शंका काढली की तो म्हणायचा, "ती आपली आपण जागी होते. तुम्ही तुमचं बघा."

आणि व्हायचीही. लायब्ररी वेगळ्या फाइलीत असली की ती उघडतानाच संगणक तिची पूर्वतयारी करून घ्यायचा. पण एका गिऱ्हाइकाला सगळं एकाच फाइलीत हवं होतं. त्याचा तोलाचा प्रोग्राम आमच्याच ग्लेंडा पुक्किलाचा. तिने लायब्ररी त्याच्या पोटातच जोडली. जहाज धक्क्याला लागलं, प्रोग्राम सुरू केला आणि तो जागीच कोसळला.

बैठकीत व्हर्लिन सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या लायब्ररीवर ढकलू नका. ग्लेंडाचं काम पहिल्यापासून ढिसाळच."

"अरे, एकदा बघ तरी!" ग्लेंडा म्हणाली.

"त्यात बघायचंय काय?"

साहेबांनी ग्लेंडाचं काम काढून घेतलं, तिला माहितीपुस्तिका लिहायला बसवलं.

हिवाळ्यात व्हर्लिनने स्वतःचा एक प्रोग्राम तसाच एका फाइलीत बांधला. तोही तसाच कोसळला. दुपारभर शोधल्यावर उमगलं, की पोटात जोडलेल्या लायब्ररीला कुणी उठवतच नाही. ते प्रोग्रामने करायचं असतं, आणि हे त्याने कुठेही लिहिलं नव्हतं, कारण त्याच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याचे कान तापले. पहिल्या वापरालाच तयारी होईल अशी दुरुस्ती त्याने केली. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत आम्ही सगळे घरून आणलेलं वाढून घेत होतो. तो ग्लेंडासमोर उभा राहिला. "चूक माझी होती. तुझ्या कोडमध्ये काही नव्हतं."

ग्लेंडाने पळी खाली ठेवली. "लायब्ररी झोपली याचा राग नाही रे. तू डोळे उघडून बघायलाही तयार नव्हतास."

"साहेबांना सांगतो. तुझं काम परत…"

"सांग जरूर. पण मी येणार नाही. पुस्तिका बरी, ती निदान कुणी वाचतं."

त्याने साहेबांना सांगितलं. ग्लेंडा मात्र परतली नाही. वर्षाअखेर दुसरीकडे गेली. आता कुणी तक्रार आणली तर व्हर्लिन खुर्ची ओढून म्हणतो, "दाखव." कुणी ग्लेंडाचा विषय काढला, की उठून खिडकीशी जातो.