वाळूवरच्या बिबड्या

माझी थोरली काकू धुरपदाबाई, आमची मोठी माय, १९५४ च्या चैत्रात नशिराबादहून समुद्राशी भांडायला निघाली. तिचा एकुलता एक पितांबर घरची केळी सोडून रत्नागिरीकडे, कोळ्यांच्या एका आडगावात मास्तर होऊन बसला होता. दोन वर्षांत घरी फिरकला नव्हता. "त्याले घेऊनच ये, केयीचा बाग कोन पाहीन?" गिरधरआबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, बजावलं. स्वतः जायचं नाव नाही! आबांचा राग सगळा ओट्यावर बसून.

पितांबर मुंबईपर्यंत येऊन तिला आगबोटीने घेऊन गेला. समुद्र बघून ती म्हणाली, "एवढं पानी, अन् केयीच्या बुडाले टाकाले थेंब नही!"

पोचल्यावर तिने पहिलं काम केलं ते पितांबरकडून बदलीचा अर्ज लिहून घेण्याचं. त्याने मुकाट्याने लिहिला आणि तिच्या हातात दिला. "माय, तू म्हनशीन तं टपालात टाकतो."

दुसऱ्या दिवशी तिने ज्वारीचं पीठ शिजवून बिबड्या, आमच्याकडचे उन्हात वाळवायचे पापड, करायला घेतल्या. रिकामं बसणं तिला कधी जमलंच नाही. कोळणी वरच्या कोरड्या वाळूवर मासळी वाळवत होत्या. तो वास नको म्हणून ही जुन्या जलदुर्गाच्या तटाखाली गेली. तिथली वाळू खळ्यासारखी सपाट, घट्ट. पितांबरची धोतरं अंथरून तिने शंभरेक बिबड्या थापल्या आणि जेवायला गेली. भुई दुपारी पाण्याखाली जाते, हे नशिराबादच्या माणसाला ठाऊक असायचं काय कारण?

भरती आली, धोतरं चालू लागली. तिचा आरडाओरडा ऐकून कोळणी कासोटे खोचून पाण्यात शिरल्या, शाळा सुटल्यासारखी पोरं धावली, आणि सगळ्यांच्या पुढे पितांबर! गावी विहिरीच्या काठालाही न जाणारा तो, लाटेखाली बुडी मारून धोतर घेऊन वर आला. पोरं "मास्तर, मास्तर" करत त्याच्या गळ्यात पडली. मोठ्या मायचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिला हसू आवरेना. वाचलेल्या खारट बिबड्या कोळणींनी तिच्याच शेजारी बसून मिटक्या मारत खाल्ल्या.

तो अर्ज तिने चुलीत घातला.

ती एकटीच परतली. आबांनी दारातच विचारलं, "पितांबर कोठी?"

"तो तठीच लागला. लागलेलं खोड उपटू नही," ती म्हणाली आणि मग ढसाढसा रडली.

आबा दोन दिवस ओट्यावरच बसून राहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी मोडता मोडता, तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते आगबोट कोठून सुटते वं?"