फ्लॅट दाखवणाऱ्या सिस्टर

रिकाम्या फ्लॅटचं कुलूप उघडलं की मी हॉलच्या खिडक्या उघडायला धावायचो आणि सिस्टर थेट आतल्या खोलीत जायच्या. वर्तमानपत्र अंथरायच्या आणि त्यावर चक्क आडव्या व्हायच्या. इस्त्रीची साडी, छातीवर पर्स, नजर खिडकीकडं. गिऱ्हाईक यायच्या आत उठून, साडी झटकून दारात उभ्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चक्कर आली.

"दादा, माणूस आजारी पडला की त्येला तेवढीच खोली म्हंजे घर," त्या म्हणाल्या. "पडल्या जागेवरनं आभाळ दिसलं पायजे. न्हाय दिसलं तर खाट कुठं टाकायची ते आदीच सांगून ठेवायचं."

त्यांना नाव होतं, पण कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या एका गाळ्याच्या इस्टेट एजन्सीच्या ऑफिसात सगळे सिस्टरच म्हणायचे. बरीच वर्षं त्या एका दवाखान्यात नर्स होत्या. करोनाच्या साथीनंतर वॉर्डाचं दार ढकललं की त्यांचे हातपाय गार पडायला लागले, म्हणून नोकरी सोडली. मी कामाला होतो ती फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, त्याच सुमाराला बंद पडली होती. चाळिशी उलटलेले आम्ही दोघं एकाच आठवड्यात या धंद्यात आलो. कार्पेट म्हणजे काय आणि बिल्टअप म्हणजे काय, हे एकाच कागदावर आकृत्या काढून शिकलो.

माझ्या पहिल्याच गिऱ्हाइकापुढं माझी बोबडी वळली. फाउंड्रीत दहा माणसांवर ओरडणारा मी, त्या नवरा-बायकोसमोर बेडरूमला मोल्डिंग शॉप म्हणालो. सिस्टरनी पर्समधून पाण्याची बाटली काढली. मला वाटलं, पाहुण्यांना देतील. ती त्यांनी माझ्याच हातात ठेवली. "घाबरलेल्या माणसाला आदी पाणी," म्हणाल्या, आणि पुढचं घर त्यांनीच दाखवलं.

घराचं दुखणं लपवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते, टाकीचं पाणी वरच्या मजल्यावर किती चढतं, सगळं तोंडावर सांगायच्या. आमचे शेठ वैतागायचे. "सिस्टर, तुम्ही फ्लॅट विकताय का पेशंटचा रिपोर्ट सांगताय?"

"दुखणं अंगावर काढलं की वाढतंय, शेठ. भिंतीचंबी तसंच हाय की."

शेठ हात जोडायचे. पण सिस्टरकडून घर घेतलेली माणसं आपल्या मेव्हण्याला, साडूला घेऊन परत यायची, आणि दारातूनच विचारायची, "सिस्टर हाईत का?"

त्या स्वतः शिवाजी पेठेत तालमीमागं माडीवरच्या एका खोलीत राहायच्या. जिना असा उभा की दोर धरून चढायचं. त्यांची आई गावाकडं, नेसरीला एकटी. तिचे गुडघे गेलेले, जिना चढणं शक्यच नव्हतं. तळमजल्यावरचं घर भाड्यानं घ्यायचं आणि आईला कोल्हापुरात आणायचं, एवढ्याचसाठी ही बाई दुसऱ्यांची घरं दाखवत उन्हातान्हात फिरत होती.

तसं घर एकदा सापडलं. कळंब्यात, तलावापासून जवळ, दारात पायरीसुद्धा नाही. घरमालक ओळखीचे; त्यांचे वरचे दोन फ्लॅट सिस्टरनीच भाड्यानं लावून दिले होते. त्यांनी आनंदानं होकार दिला, आम्हा दोघांना चहा पाजला. मग कराराच्या कागदांसाठी आधारकार्ड मागितलं. तोवर त्यांनाही त्या फक्त सिस्टर म्हणून माहीत. कार्डावरचं आडनाव वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. सिस्टर नेसरीच्या बौद्ध कुटुंबातल्या.

"त्याचं काय हाय सिस्टर," ते म्हणाले, "पोरगं पुण्यासनं परत येणार म्हणतंय. आता द्यायचं न्हाय घर."

मी बोलायला तोंड उघडलं. सिस्टरनी माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघताना ठेवतात तसा. "बरं," म्हणाल्या, आणि कार्ड पर्समध्ये टाकलं.

चारच दिवसांत शेठकडं त्याच घरमालकांचा फोन आला, फ्लॅटला भाडेकरू बघा. शेठ म्हणाले, मी जाईन. पण बघायला येणारं जोडपं सिस्टरच्याच ओळखीतलं होतं. त्यातल्या बाईची सासू अंथरुणाला खिळलेली. सिस्टरच गेल्या, माझ्या गाडीवर बसून. दार किती रुंद, चाकाची खुर्ची कशी आत येते, ऊन कुठल्या वेळी कुठं येतं, सगळं मन लावून दाखवलं. घर त्यांना मिळालं. परतताना मला राहवलं नाही. "कशाला दाखवलंसा?"

"घराचा काय दोष हाय त्यात, दादा?" एवढंच म्हणाल्या, आणि गाडीवर माझ्यामागं बसल्या.

त्यानंतर त्या थकत गेल्या. बोलता बोलता थांबून श्वास घ्यायच्या. डॉक्टरकडं चला म्हटलं की हसण्यावारी न्यायच्या. एका सकाळी ऑफिसला आल्या नाहीत. दुपारी पेठेतून फोन आला. जिन्यातच कोसळल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुण्यानुमोदनाचा विधी उरकल्यावर मी नेसरीला गेलो. दोन खोल्यांचं सारवलेलं घर, कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, तिच्याशेजारी सिस्टरचा नर्सच्या पोशाखातला फोटो. म्हातारी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझा हात धरला.

"तुमीच व्हय त्ये दादा? फोनवर नाव काढायची तुमचं." मग जरा वेळानं म्हणाली, "घर तयार हाय म्हणायची. दारात पायरी न्हाय, जवळच तळं हाय. निस्ता रंग लावायचा ऱ्हायलाय, वाळला की न्हेतो म्हणायची. दर बारीला रंगच. म्या म्हणायची, कसला बाई एवढा रंग तुजा!"

मी तिच्याजवळ खाली बसलो.

"लावला का हो रंग?" म्हातारीनं विचारलं.

"लावला, आई."

"कंचा?"

मी फोटोकडं बघितलं. "निळा," म्हणालो.

म्हातारीनं मान हलवली. "व्हय," ती म्हणाली, "निळाच लावणार ती," आणि पदरानं डोळे पुसून शेजारच्या बाईला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.