ओलं लुगडं

"अक्का, बाळाला तू घेऊन बैस. हिचं नेसू ओलं असतंय. मडीत चालत नाही."

सासूबाई हे बोलल्या ते माझ्या मुलाच्या उष्टावणाला. भरल्या घरात. सोवळ्याला त्या घरात मडीच म्हणत. थोरली जाऊ, जिला सगळे अक्का म्हणायचे, ती पाटावर बसली. तिच्या मांडीवर माझा सहा महिन्यांचा मुलगा. मी मागच्या पडवीत, दाराआड उभी. त्याच्या तोंडाला पहिली खीर लागली ती मला नीट दिसलीसुद्धा नाही.

बाळंतपण फार अडलं होतं. तेव्हापासून शिंकलं, खोकलं, घागर उचलली की लघवी गळायची. जुनेराच्या घड्या लावायच्या, धुवायच्या, सगळ्यांच्या कपड्यांपासून लांब वाळत घालायच्या. बंगलोरात, मल्लेश्वरमच्या त्या मोठ्या घरात माणसांना तोटा नव्हता, आणि मला बोलायला एक माणूस नव्हतं. देवघर बंद. स्वयंपाकघर बंद. नवरा म्हणाला, "हे काय बोलायचं असतं?" डॉक्टरीणबाईंनी मानही वर केली नाही. "मूल झालं की व्हायचंच." मूल सगळ्या घराला हवं होतं. भोग तेवढा माझ्या एकटीचा! डोकं भणभणायचं.

साठ सालानंतरची गोष्ट. उष्टावणानंतर थोड्या दिवसांनी "देवळात जाते" म्हणून निघाले ती बस धरून सरकारी इस्पितळात. तिथल्या नर्सनं धाडलं तशी मोडलेल्या हातापायांना व्यायाम देतात त्या खोलीबाहेर बसले. बाकावर सगळे लंगडे-लुळे. मी धडधाकट. लोक बघत होते. आतली बाई माझ्याच वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं. कन्नडमध्ये म्हणाली, "लघवी अडवताना जे आवळता, तेच आवळायचं. धरायचं. सोडायचं. रोज करा, कमी होईल." मग विचारलं, "इतके दिवस का आला नाहीत?" मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांत माझी चौकशी करणारी ती पहिलीच.

पुढच्या वेळी निघाले तेव्हा बैठकीत पाहुणे कॉफी घेत होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "देवळात चाललीय."

मी थांबले.

"देवळात नाही. बाळंतपणापासून मला लघवी गळते. इस्पितळात व्यायाम शिकायला चाललेय."

मी चपला घातल्या.

त्यानंतर घरानं माझ्याशी बोलणंच टाकलं. ताट वाढून ठेवायचे आणि निघून जायचे. नवराही पाठ करून झोपायचा. मी भर दुपारी दार उघडं टाकून चटईवर व्यायाम करायची. गळणं कमी झालं, पुरतं थांबलं नाही. एकटेपण तर वाढलंच. पण त्या चटईवर पडल्या पडल्या एक ठरवलं. या घरात पुढं जी बाळंतीण येईल, तिला आपण विचारायचं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "गळतं का गं?" ज्याला ऐकवत नसेल त्यानं उठून जावं.