बेबीनंदाबाईंची दोन टेबलं

बेबीनंदाबाईंनी एकदा मनावर घेतलं की त्यांना अडवायला जाणाऱ्यानेच दमायचं, अशी वस्तीत सर्वांची समजूत आहे. मंठ्यापासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावात बावीस वर्षं त्या अंगणवाडीच्या मदतनीस आहेत. त्यांच्या हाताखालून खिचडी न खाता सुटलेलं एकही पोर गावात नाही. त्या रागावत नाहीत, पोरासमोर नुसत्या बसून राहतात, आणि शेवटी पोरच कंटाळून खातं. उरलेल्या वेळात त्या गोधड्या शिवतात. चार गावांतली जुनी लुगडी आणि विरलेले सदरे त्यांच्याकडे येतात नि गोधडी होऊन परत जातात. अशा बाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हातात करवत घेतली तेव्हा लोक हसले, पण जरा जपूनच हसले.

करवत हाती घेण्याचं कारण तीन वर्षांपूर्वीचं होतं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने वस्तीत धम्मग्रंथाचं वाचन चालतं. आषाढी पौर्णिमेला विहारात सुरुवात होते आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी एकेका घराची पाळी. ज्याची पाळी असेल त्याने सतरंज्या अंथरायच्या, खीर करायची आणि बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, ग्रंथ ठेवायला एक टेबल मांडायचं. ज्याच्या घरी टेबल नाही तो शेजाऱ्याचं आणतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्या वर्षी बेबीनंदाबाईंनी शेजारच्या तातेरावांचं आणलं होतं, सनमायका लावलेलं, चकचकीत. वाचन अर्ध्यावर आलं आणि तातेराव स्वतः दारात उभे. पोरीला बघायला पाहुणे अचानक आलेत, चहा ठेवायला घरात काही नाही, टेबल न्यावं लागेल, असं त्यांनी वाकून बाईंच्या कानाशी सांगितलं. बाईंनी मान हलवली. दुसरं करणार काय? वाचायला बसलेल्या बुद्धभूषणने ग्रंथ मांडीवर घेतला, मूर्ती कुणीतरी हातात धरली, आणि टेबल भरल्या बैठकीतून बाहेर गेलं.

मग बाईंनी आतून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, पालथा घातला, त्यावर पांढरं कापड टाकलं आणि ग्रंथ ठेवला. त्यानंतर बुद्धभूषणने जितक्या वेळा पान उलटलं तितक्या वेळा तो डबा वाजला. प्रत्येक आवाज बाईंच्या काळजाला लागला.

तातेराव काही वाईट माणूस नव्हेत. पोरीचं तिथंच जमलं, लग्नही झालं आणि त्या लग्नात बाईंनी दोन दिवस उभं राहून पोळ्या लाटल्या. पण पुढची दोन वर्षं वाचनाची पाळी जवळ आली की बाईंना बरोब्बर ताप यायचा आणि पाळी दुसऱ्या घरी जायची. ताप कसला, ती लाज होती. आपल्या घरात ग्रंथ ठेवायला हक्काची जागा नाही, याची लाज.

यंदा एप्रिलमध्ये विहारात बैठक होती. बुद्धभूषण पाळ्यांची यादी करत होता. बाई उठल्या आणि विहारानंतरची पहिली पाळी माझी लिही म्हणाल्या. टेबल आणू का, असं कुणी विचारायच्या आत त्यांनी हेही सांगून टाकलं की टेबल माझं राहील, मी स्वतः करीन, आणि एक नाही दोन करीन, एक मूर्तीला आणि एक ग्रंथाला. हे शेवटचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. पण चारचौघांत बोललं म्हणजे करणं आलं.

घरी नवऱ्याने, राजानंदरावांनी, कपाळाला हात लावला. ते दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत, आणि त्यांच्या मते जगातली निम्मी भांडणं लोक सोपी वाट सोडतात म्हणून होतात. सोपी वाट म्हणजे मंठ्याच्या बाजारातलं प्लास्टिकचं टेबल. आपण येताना ट्रॅक्टरवर टाकून आणू, असंही ते म्हणाले.

"बाजारातलं कुणालाबी आणता येतं," बाई म्हणाल्या. "मला माझ्या हातचं पाह्यजे."

लाकूड भावाने दिलं. त्याच्या बांधावरची बाभूळ अवकाळी वाऱ्यात आडवी झाली होती. तिचं खोड राजानंदरावांनी कुरकुरत का होईना मंठ्याच्या आरा मशीनवर नेलं. तिथल्या राधेश्यामने फळ्या पाडून दिल्या आणि बाईंना बजावलं, "मावशी, लाकूड ओलं हाये. निदान दोन महिने सावलीत ठेवा. ऊन बिलकुल दाखवू नका."

बाईंनी ते ऐकलं, पण त्यांना पटलं नाही. सावलीत काय वाळतं? कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या, हळकुंडं, जन्मभर त्यांनी जे जे वाळवलं ते गच्चीवर, वैशाखाच्या उन्हात. दोन महिने म्हणजे माणसाने आळशीपणाला दिलेलं नाव, असं त्यांना वाटलं. त्यांनी कुरडयांच्या शेजारी जुनं लुगडं अंथरलं, फळ्या ओळीने मांडल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्या पापडासारख्या उलटल्या. जालन्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे पायाला चटके देणारं ऊन. चौथ्या दिवशी बाई वर गेल्या तर फळ्यांना टोकापासून उभ्या चिरा गेल्या होत्या, आणि एक तर तव्यावरच्या पापडासारखी कडेने वर उठली होती.

कुरडया तेवढ्या छान वाळल्या होत्या.

त्या दिवशी बाई रडल्या. कुरडया डब्यात भरण्याचं निमित्त करून त्या बराच वेळ गच्चीवर राहिल्या. राजानंदरावांनी फळ्या पाहिल्या आणि प्लास्टिकच्या टेबलाचं नावही काढलं नाही. काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई त्या वाकड्या फळ्या रिक्षात घालून परत राधेश्यामकडे. तो हसला नाही. आता नवं लाकूड पौर्णिमेपर्यंत वाळणार नाही आणि हे चुलीत घालायच्या लायकीचं राहिलं, असं त्याने सरळ सांगितलं. बाईंनी विचारलं, दोन चिरांच्या मधलं लाकूड कसं आहे? राधेश्यामने बोटाने ठोकून पाहिलं. चांगलं होतं, कडक होतं.

"पण मावशी, तुकडे निघतील. फळी न्हाई निघायची."

"मंग तुकडे काढ," बाई म्हणाल्या. "माझा धंदाच तुकड्यांचा हाये."

राधेश्यामने वीतभर, अर्ध्या वितीचे सरळ तुकडे कापून, रंधा मारून दिले. पोतंभर झाले. पायांपुरतं सरळ लाकूडही त्यातूनच निघालं. जालन्याला नर्सिंग शिकणाऱ्या साक्षीने, म्हणजे बाईंच्या लेकीने, मोबाईलवर तुकडे जोडून टेबल करण्याचा एक व्हिडिओ पाठवला. त्यातल्या माणसाकडे एकेका कामाला एकेक मशीन होतं. बाईंनी तो चार वेळा पाहिला. त्या माणसाला हात नाहीत का, असं त्यांनी लेकीला फोन करून विचारलं आणि कामाला लागल्या.

व्हिडिओतला माणूस तुकडे मधून मांडत कडेला जात होता. बाईंनी गोधडीच्या रीतीने कडेपासून सुरुवात केली आणि एकेक फेरा घेत त्या मध्यावर आल्या. खाली प्लायवूड, वर फेविकॉल आणि त्यावर बाभळीचे काळे-तांबूस तुकडे, फिकटाशेजारी गडद, गडदाशेजारी फिकट. दाबून धरायला शिकंजा नव्हता, म्हणून त्यांनी एका टेबलाच्या फळीवर पाटा ठेवला आणि दुसऱ्यावर ज्वारीचं पोतं. तीन दिवस घरात पाट्यावरची चटणी झाली नाही. राजानंदरावांनी त्यावर तक्रार केली, आणि त्याच तोंडाने पाटा जरा उजवीकडे सरकव, कड उचलली आहे, असंही सांगितलं.

तिथून ते फसले. वाचणारा मांडी घालून बसला की ग्रंथ छातीशी यावा, म्हणून उंची ठरवायला बाईंनी त्यांनाच मांडी घालून बसवलं आणि जमिनीपासून विती मोजल्या. पाय ठोकताना धरायला तेच. एक टेबल डुगडुगत होतं. चारही पाय सारखे करता करता ते दोन बोटं बुटकं झालं, मग दुसरंही तेवढंच कापावं लागलं. एका सकाळी बाई अंगणवाडीतून लवकर आल्या तर राजानंदराव ओट्यावर बसून पॉलिश पेपरने कड घासत होते. बाई आल्या पावली मागे फिरल्या आणि उगाच दुकानातून मीठ घेऊन आल्या. त्यांना फार बरं वाटलं होतं, पण ते दाखवलं असतं तर घासणं थांबलं असतं.

तुकड्यांमधल्या फटी भुसा आणि फेविकॉल कालवून बुजवल्या. मग रंग. कडेला निळी पट्टी, आणि त्या पट्टीवर पांढऱ्या रंगाने बारीक बारीक टाके, हुबेहूब गोधडीचे. एकाच्या मध्यावर विहाराच्या आवारातल्या पिंपळाचं पान ठेवून त्याची कड गिरवली. वर दोन हात वॉर्निश. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी दोन्ही टेबलं पलंगाच्या दोन अंगांना उभी होती, आणि बाई येता-जाता त्यांवरून पालथा हात फिरवत होत्या.

पाळीच्या संध्याकाळी पुढची खोली भरली. पिंपळपानाच्या टेबलावर मूर्ती आणि मेणबत्त्या, दुसऱ्यावर ग्रंथ. वंदना झाली, बुद्धभूषण वाचू लागला. बाई दाराशी बसल्या होत्या, पण अर्थाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या पानाच्या आवाजाची वाट पाहत होत्या. बुद्धभूषणने पान उलटलं. आवाज आला तो फक्त कागदाचा. दुसरं पान, तिसरं पान. मग बाईंनी पदर सारखा केला आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा घरचं वाचन ऐकलं.

खीर वाटून झाली. लोक टेबलांना हात लावून बघत होते. तातेराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची बायको मालनबाई त्यांना कोपराने ढोसत होती. दुसऱ्या दिवशी पाळी त्यांची होती. त्यांचं ते सनमायकाचं टेबल आता घरी नव्हतं, लेकीबरोबर तिच्या सासरी गेलं होतं. शेवटी तातेराव पुढे आले.

"ताई, उद्या आमच्याकडं वाचन हाये. तर म्हणलं, टेबल..."

तीन वर्षांपूर्वी त्या बैठकीत जे जे होते ते सगळे आपापल्या वाटीतल्या खिरीकडे बघू लागले. राजानंदराव खाकरले. बाईंनी पदराने ग्रंथाच्या टेबलाची कड पुसली, ती मुळीच मळलेली नव्हती.

"न्या की भाऊजी, दोन्ही न्या," त्या म्हणाल्या. "फक्त कोणी पाव्हणे आले तरी वाचन पुरं झाल्याबिगर उचलू नका."

तातेरावांची मान खाली गेली. ते म्हणाले, "न्हाई उचलणार ताई. तवा चुकलंच माझं."

एक टेबल त्यांनी स्वतः डोक्यावर घेतलं, दुसरं राजानंदरावांनी. बाहेर आभाळ भरून आलं होतं, म्हणून बाईंनी मागून धावत जाऊन दोन्हींवर एकेक गोधडी टाकली.

तातेरावांकडून टेबलं पुढच्या घरी गेली, तिथून त्याच्या पुढच्या. वर्षावास संपेपर्यंत ती काही परत येत नाहीत. बेबीनंदाबाईंचा चष्मा आणि मोबाईल सध्या पलंगाशेजारी त्याच पालथ्या तेलाच्या डब्यावर असतात. चष्मा ठेवला की डबा अजून वाजतो. बाईंना त्याचं आता काही वाटत नाही.